काजव्यांची माती

त्या राज्यात प्रत्येकाचे घर हवेत लोंबकळत असे. तळ्यावर झुकलेली एक जुनी बाभूळ हीच तिथली भूमी, आणि फांद्यांची टोके हीच तिथली वतने. राज्य सुगरण पक्ष्यांचे होते. विणायचे नरांनी आणि पसंत करायचे माद्यांनी, अशी त्यांची रीत. नराने गवताच्या पात्यांचे घरटे अर्धेच विणावे, पालथ्या टोपीसारखे. मग मादीने आत बसून ते चोचीने चहूकडून ओढून पाहावे. एखादी काडी सुटली, तर मादी उडून जाई आणि नर नवे विणायला घेई. घर पसंत पडले, तर ती तळ्याकाठची ओली माती चोचीतून आणून आतल्या भिंतीला थापी. माती कशासाठी, असे कोणी विचारले तर सारे एकच उत्तर देत: तीत काजवे रोवायचे, म्हणजे घरात उजेड राहतो. रोवलेला काजवा मात्र कोणी कधी पाहिला नव्हता.

कुळाचा नाईक होता तृणदत्त. विणकामात त्याची चोच सर्वांत सरस. परंतु गेल्या हंगामापासून तिच्यावरचा त्याचा विश्वास उडाला होता. एका दुपारी धामण फांदीवरून सरपटत आली, गवताच्या विणीला अंगाचे वेढे देत घरट्यात उतरली आणि त्याच्या जोडीदारणीची, शलाकेची, सगळी अंडी गिळून गेली. शलाकेने त्याला एका शब्दानेही बोल लावला नाही. ते न बोलणेच त्याच्या काळजात काट्यासारखे रुतून बसले. यंदा तिच्या पंखांखालची अंडी वाचली पाहिजेत, याखेरीज त्याच्या मनात दुसरे काही उरले नव्हते.

अशा वेळी पलीकडच्या तीरावरून कोतवाल पक्षी आला. हा काळाभोर, दुभंगल्या शेपटीचा पाहुणा ज्याच्याशी बोले त्याच्याच आवाजात बोले. त्यामुळे ऐकणाऱ्याला आपलाच विचार आपण ऐकतो आहोत, असे वाटे. कोळ्यांच्या तंतूंची तयार घरटी त्याने आणली होती. रुपेरी, गुळगुळीत, एकासारखे एक.

“नाईक, तुम्ही धामण आणा,” तो म्हणाला, “मी घरटे आणतो. मग बघू कोण हरते ते!”

धामण कोण आणणार? म्हणून एका सरड्याला चार किड्यांची लालूच दाखवून घरट्यावर चढवले. सरड्याने पाऊल टेकले, तो घसरला, आणि खाली तळ्यात आवाज झाला: डुबुक.

“पुन्हा चढ रे, मामा! अंघोळ अर्धीच झाली!” कोणीतरी ओरडले, आणि साऱ्या बाभळीवर हशा पिकला.

तृणदत्त हसला नाही. त्याने बारकाईने विचारून घेतले. धामण खोडावरून आली तर? शेजारच्या फांदीवरून लोंबकळत आली तर? घरट्यात शिरायच्या लोंबत्या नळीच्या तोंडाशी पोचली तर? कोतवालाचे प्रत्येक उत्तर समाधानकारक होते, आणि दुःखाची गोष्ट ही, की प्रत्येक उत्तर खरेही होते.

शलाका पुढे आली. “अर्धे दाखवा.”

“वहिनी, अर्धेमुर्धे आमच्याकडे नसते. आमचे घर येते ते पुरे होऊनच.”

“मग ओढून कसे पाहायचे?”

“सरडेभाऊंनी ओढून पाहिलेच की!”

पुन्हा हशा झाला. तो ओसरू देऊन शलाका म्हणाली, “आणि माती? ही भिंत माती धरेल असे दिसत नाही.”

“माती हवी कशाला?”

“काजव्यांसाठी,” ती म्हणाली, आणि तिचे तिलाच ते पोरकट वाटले.

“आत बसून तर पाहा.”

ती आत गेली. रुपेरी भिंतीतून ऊन झिरपत होते. बाहेरून कोतवालाने, अगदी तिच्याच आवाजात, विचारले, “उजेड आहे ना?”

“आहे,” तिला म्हणावे लागले. बाहेर येऊन ती तृणदत्ताला हळूच म्हणाली, “पण आत बसले, तरी बसल्यासारखे वाटत नाही हो. पायाखाली काही नाहीच जणू.”

“वाटण्याने अंडी वाचत नाहीत, शलाके. गेल्या वर्षीचे घर तुलाच पक्के वाटले होते.”

शलाकेने मान फिरवली. 

फांदीचे टोक एकच असते. जुने उतरवल्यावाचून नवे टांगता येत नाही. गवताची घरे खाली गेली, तंतूंची वर चढली. एका मेलेल्या म्हातारीचे रिकामे घरटे तेवढे शेवटच्या फांदीवर राहिले, कारण ती फांदी कोणाच्याच वाट्याची नव्हती.

हंगाम सुखात सुरू झाला. विणायचे कष्ट नाहीत, नापसंतीचा अपमान नाही. एके दिवशी धामण खरोखर आली. तिने रुपेरी भिंतीला वेढा घालू पाहिला, आणि तळ्यात आवाज झाला: डुबुक. बाभूळ जल्लोषाने दुमदुमली. तृणदत्ताने शलाकेकडे पाहिले. ती अंड्यांवर बसली होती. तिने त्याच्याकडे पाहून डोळे मिटले. आपल्याला क्षमा मिळाली, असे त्याने मानले.

मग पश्चिमेकडून वारा सुटला. वारा त्या राज्याला नवा नव्हता. दर हंगामात तो येई आणि जाई, म्हणून त्याच्याविषयी कोतवालाला कोणी काही विचारले नव्हते. रुपेरी घरटी आधी थरथरली, मग पिसासारखी उचलली गेली, गरगरली, उलटीपालटी झाली. नळ्यांची तोंडे आभाळाकडे वळली. एकही तंतू तुटला नाही. शलाका भिंतीला नख्या रोवू पाहत होती आणि नख्या घसरत होत्या. तृणदत्त तिच्या फांदीला घट्ट बिलगून राहिला. वाऱ्याच्या घोंघावण्यातही त्याला खालचा तो बारीक आवाज ऐकू आला. डुबुक. आणि थोड्या अंतराने पुन्हा.

वारा पडला तेव्हा सारी घरटी जिथल्या तिथे होती. अखंड, झळझळीत, रिकामी.

शेवटच्या फांदीवरचे म्हातारीचे घरटे अजून हलत होते, पाळण्याला निजवेळी झोका द्यावा तसे सावकाश. त्याचे छप्पर विरले होते, गवत काळे पडले होते. तृणदत्त त्यात वाकून पाहू लागला. आत काजवा नव्हता. तळाशी वाऱ्याने आणलेले एक वाळके पान होते. तेही सांडले नव्हते. आणि भिंतीला दगडासारखा कडक, जड मातीचा गोळा होता, त्यावर म्हातारीच्या चोचीचे ठसे.

त्याने घरट्याला पंखाने धक्का देऊन पाहिला; मातीच्या भाराने ते लगेच सरळ झाले. मग तो तळ्याकाठी उतरला, चोच भरून ओली माती घेतली आणि शलाकेच्या घरट्यात शिरून ती भिंतीला थापली. माती क्षणभर थांबली आणि घसरत नळीतून बाहेर पडली. खाली पाण्यात आवाज झाला: डुबुक.

समोरच्या फांदीवर शलाका बसली होती. तिने तळ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. तो पुन्हा काठाकडे निघाला होता.