दाखल्यावरचं नाव

“मग मी खोटं लिहू का, महाराज?”

प्रबोधगिरींचा आवाज चढला नव्हता. हातातला कागद मात्र त्यांनी घट्ट धरला होता. गिरणेकाठच्या त्या मठात संस्कृत पाठशाळा चालायची आणि गेली अठरा वर्षं तेच तिचे आचार्य होते. त्यांची सही असलेल्या दाखल्याबद्दल आजवर कुणी शंका काढली नव्हती.

म्हातारे नारायणगिरी महाराज ओटीवर गवार मोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोण आलंय?”

“आपला जुना विद्यार्थी. सहा वर्षं माझ्यापाशी शिकला. तो बघा, तिथे पायरीवर बसलाय.”

महाराजांनी पाहिलं. पायरीवर तिशीतली एक बाई बसली होती. साधी सुती साडी, मांडीवर फाइल.

तिचं नाव वैजयंती सोनवणे. पाठशाळेत होती तेव्हा सगळे तिला मुलगा समजत आणि मुलाच्याच नावाने हाक मारत. आता सरकारी ओळखपत्रापासून सगळ्या कागदांवर तिचं नाव बदललं होतं. राहिला होता तो एकच, इथला दाखला. धुळ्याच्या एका शाळेत तिला संस्कृत शिकवायची नोकरी मिळत होती. सगळे कागद एका नावाचे करा आणि उद्या अकराच्या आत आणा, नाहीतर दुसरा उमेदवार तयार आहे, असं तिथून बजावलं होतं. मागच्या खेपेला तिला तासभर व्हरांड्यात उभं ठेवलं होतं. आत कारकून हसत होते, ते तिला बाहेर ऐकू येत होतं.

हे सगळं तिने प्रबोधगिरींना सांगितलं होतं. त्यांनी ऐकूनही घेतलं. चहा दिला, जेवून जा म्हणाले. पण नाव बदलायला तयार होईनात. हजेरीत होतं तेच दाखल्यावर राहील, एवढंच म्हणत राहिले. बोलतानाही ते तिला त्या जुन्या नावानेच हाक मारत होते. प्रत्येक हाकेला ती जराशी आक्रसायची. ते त्यांना दिसत होतं... आणि तरी ते थांबले नव्हते.

“माझा कुणावर राग नाही,” ते महाराजांना म्हणाले. “पण मी ज्याला शिकवलं, त्याचंच नाव लिहिणार. जन्माने मिळालेलं नाव तेवढं खरं. बाकी काय, आज एक ठेवलं, उद्या दुसरं ठेवलं.”

महाराज शेंगा मोडत राहिले. मग म्हणाले,

“चिंतामण.”

प्रबोधगिरींनी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

“चिंतामण दामोदर निफाडकर. तुलाच म्हणतोय. तिला वर बोलाव.”

पलीकडे पाठ म्हणणारे विद्यार्थी एकदम गप्प झाले.

बावीस वर्षांपूर्वी संन्यास घेताना प्रबोधगिरींनी स्वतःचं श्राद्ध स्वतःच्या हाताने केलं होतं. त्यानंतर ते पूर्वाश्रमीचं नाव मठातल्या कुणी उच्चारलं नव्हतं. एकदा त्यांची आई आली होती. फाटकाशी उभी राहून दुपारभर ‘चिंतू, चिंतू’ म्हणून हाका मारत होती. ते आत शिकवत राहिले. वळले नाहीत. शेवटी त्यांनी निरोप पाठवला, की या नावाचं इथे कुणी राहत नाही. ती गेली, ती पुन्हा आली नाही.

त्यांचे कान तापले.

“महाराज, ते माझं नाव नाही.”

“जन्माने तेच मिळालं होतं.”

“ते मी सोडलं. हे नाव तुम्हीच दिलंत... तो माणूस आता नाही.”

“आईलाही हेच कळवलंस.”

“तुम्ही तेव्हा म्हणालात, बरोबर केलंस.”

“आजही म्हणतो.”

महाराजांनी गवारीचं ताट बाजूला सारलं आणि शेजारी ठेवलेलं पेन उचलून त्यांच्यापुढे धरलं.

प्रबोधगिरी तसेच उभे राहिले. पेन घ्यावं, तर आजची सकाळ सगळी चूक ठरत होती. न घ्यावं, तर ती बावीस वर्षं...

वैजयंती वर येऊन ओटीच्या कडेशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. प्रबोधगिरींनी तिच्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच नीट पाहिलं. तिने खालचा ओठ दातांत धरला होता. पाठशाळेत संधी सोडवताना अडली की ती अशीच ओठ धरून बसायची.

ते खाली बसले. पेन घेतलं, कोरा दाखला पुढे ओढला. ‘वैजयंती’ लिहिताना अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं नाही. तारीख घातली, शिक्का मारला, सही केली. मग उठून त्यांनी कागद दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

“वैजयंती,” ते म्हणाले, “हे घे.”

तिने घेतला. दोनदा वाचला. नमस्कार केला नाही, आभार मानले नाहीत. आज धर्मशाळेत राहीन आणि सकाळी एकटीच निघेन, एवढं सांगून ती पायऱ्या उतरून गेली.

प्रबोधगिरी तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले. काहीतरी मिळायचं राहून गेल्यासारखं त्यांना वाटत होतं. विद्यार्थ्यांत कुजबुज सुरू झाली होती. चार दिवसांत विश्वस्त विचारायला येतील, गावभर बोभाटा होईल. ते महाराजांकडे वळले.

“दिला दाखला. आता ती जाणे आणि ती शाळा जाणे. माझ्याकडून होण्यासारखं होतं ते झालं...”

महाराजांनी गवारीचं ताट पुन्हा पुढ्यात ओढलं.

“धुळ्याची पहिली गाडी सव्वासहाला सुटते. तूही नीघ.”