पहिल्या वेचणीचा अंगरखा

एका राज्यात धवलकेतू नावाचा राजा होता आणि पद्मलेखा ही त्याची एकुलती लेक. लेकीचा बापावर भारी जीव. त्या राज्याची एक जुनी रीत होती. पहिल्या वेचणीचा कापूस वेचणारणीचा. आधी त्याचं वर्षभर पुरेल असं लुगडं तिला होई, आणि मगच उरलेला कापूस राजवाड्याची वाट चाले. पण पहिल्या वेचणीचा कापूस सगळ्यांत शुभ्र. पद्मलेखेच्या मनाने घेतलं, बाबांच्या अंगावर तोच शोभेल. तिने शब्द टाकला, कापूस आला. राजकन्येला नाही कोण म्हणणार?

थंडी सरता सरता अंगरखा तयार झाला, अंगठीतून आरपार जाईल असा तलम. राजा तो घालून सिंहासनावर बसला आणि सगळ्यांची नजर भिंतीवर खिळली. भिंतीवर राजाची सावली नव्हती. तिथे एक बाई कमरेत वाकून कापूस वेचत होती. राजा निश्चल बसला, तरी तिचे हात चालूच. अंगरखा काढू गेले तर निघेना, कापू गेले तर कात्री बोथट. रोज तो थोडा थोडा आवळत चालला. राजाला श्वास पुरेना.

तेव्हा तुळईवर बसलेली एक साळुंकी बोलली, "राजकन्ये, ज्यांच्या हातून अंगरखा झाला त्यांच्या तीन दारी जा. अंगरख्याचं काय मिळालं, ते विचार. 'काही नाही' म्हणेल, त्याच्याच हाताने तो निघेल."

पहिलं दार शिंप्याचं. तो मांत्रिक होता. सुया आपोआप शिवत आणि तो लोडाला टेकून विडा चघळत बसे.

"सात मजली माडी मिळाली," तो म्हणाला. "आणखी एक शिवू का?"

दुसरं दार विणकराचं. त्याची बोटं झिजून मागाच्या लाकडासारखी झाली होती.

"एक वेळची भाकर मिळाली, राजकन्ये. दुसऱ्या वेळेचं विचारू नका."

तिसऱ्या ठिकाणी दारच नव्हतं. शेत होतं, कलतं ऊन होतं. पऱ्हाटीची सावली पडली होती, बांधाची पडली होती. वेचणाऱ्या बायांची मात्र नव्हती. सगळ्यांच्या पुढे येसाई नावाची वेचणारीण होती. अंगावर चिंध्या, वर धान्याचं पोतं पांघरलेलं.

"बाई, अंगरख्याचं तुला काय मिळालं?"

"काही न्हाई, माय. होती ती सावलीबी गेली."

पद्मलेखेला रडू कोसळलं. "रीत मी मोडली. पण माझे बाबा गुदमरताहेत. चल."

"ह्या हिवात माझी लेक काकडून गेली. तवा कुणी चल म्हनलं न्हाई."

 राजकन्या खाली मान घालून उभी राहिली. मग येसाईनेच ओटीतला कापूस बांधावर ठेवला.

"लेकीवाचून जगायचं म्या शिकले. बापावाचून जगायचं तू कशाला शिकतीस? चल."

येसाईने राजाच्या खांद्याला हात लावला आणि बोंडातून कापूस निघावा तसा अंगरखा निघाला. भिंतीवर राजाची सावली उभी राहिली, शेतात बायांच्या सावल्या परतल्या. राजाने पोटभर श्वास घेतला. भर दरबारात तो उघडा उभा होता.

"बाई, आता मी काय घालू?"

येसाईने अंगरखा अंगावर घेतला आणि आपलं पोतं त्याच्यापुढे धरलं.

राजाने ते पांघरलं. पहिला कापूस वेचणारणीचा, मग विणकराचा, राजाचं वस्त्र सगळ्यांच्या शेवटी, अशी द्वाही फिरली. सगळ्यांची लुगडी-धोतरं होईतो पुढची थंडी आली, आणि राजाची पाळी काही आली नव्हती. त्या थंडीत न्यायाला बसताना धवलकेतूचे दात वाजत, आणि त्या राज्यात इतके खरे निवाडे पूर्वी कधी झाले नव्हते.