ओळखीचे दहा रुपये

लोणी अजून डब्यात मिळत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. दोन टेकड्यांच्या मध्ये वसलेल्या एका गावात एक सुतार राहत होता. गाव होतं गवळ्यांचं. घरटी चार म्हशी, आणि सकाळ झाली की प्रत्येक घरातून ताक घुसळायचा आवाज. ताक घुसळायचं म्हणजे दह्याच्या डेऱ्यात लाकडी रवी उभी करायची, तिला दोरीचे वेढे द्यायचे आणि दोन्ही हातांनी ती दोरी ओढत बसायचं. लोणी वर येईपर्यंत बायकांचे खांदे भरून येत.

सुताराच्या बायकोचेही खांदे दुखत. एके दिवशी तिने दोरी नवऱ्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "आठ दिवस तुम्ही घुसळा, मग मला सांगा कसं वाटतं." आठ दिवस कुठले, तिसऱ्याच दिवशी सुतार डोकं खाजवायला लागला. महिनाभर खटपट करून त्याने एक यंत्र बनवलं. खाली पायाने दाबायची फळी, बाजूला चाक, आणि डेऱ्याच्या तोंडावर घट्ट बसणारं झाकण. झाकणातून रवी आत सोडलेली. फळी दाबली की चाक फिरे, चाकाबरोबर रवी फिरे, आणि बाई हात मोकळे ठेवून खुशाल शेंगा सोलत बसे. सुताराने त्याचं नाव ठेवलं पायरवी.

गावाने आधी नाकं मुरडली. पायाने काढलेलं लोणी देवाला कसं चालेल, असं जो तो म्हणू लागला. वरच्या आळीला एक मावशी राहत असे. ती नेमकी कुणाची मावशी हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण सगळं गाव तिला मावशीच म्हणे. ती म्हणाली, "देवळाच्या पायऱ्या आपण पायांनीच चढतो की." एवढं बोलून तिने पहिली पायरवी विकत घेतली.

झालं, मावशीच्या अंगणात बायकांची रीघ लागली. कुणी फळी दाबून बघे, कुणी झाकणाला कान लावून बघे. शेवटी प्रत्येकीचा एकच प्रश्न, "मावशी, घेऊ का गं?" मावशी म्हणे, "घे." दोन-तीन वर्षांत गावातल्या साठ घरांत पायरवी आली. सुताराने कधी दवंडी पिटली नाही. मावशीचं "घे" त्याला पुरत होतं.

सुताराची एक पद्धत होती. प्रत्येक घरचा डेरा वेगळा, कुणाचं तोंड रुंद, कुणाचं चिंचोळं. म्हणून तो घरोघर जाई, डेऱ्याच्या तोंडाभोवती सुतळी फिरवी आणि माप आलं की गाठ मारी. कुणाची सुतळी कुठली ते कळावं म्हणून त्या गाठीत त्या बाईच्या लुगड्याची एक चिंधी बांधी. साठ घरांच्या साठ सुतळ्या त्याच्या भिंतीवर लटकत असत. झाकण चिरलं की बाईने नुसता निरोप धाडायचा. सुतार तिची सुतळी काढून त्या मापाचं झाकण करून देई.

दरवर्षी गावच्या जत्रेत नवी पायरवी येई. ताशा वाजे, पडदा सरके, मावशी नारळ फोडी. एका वर्षी चाकाला घुंगरं आली, एका वर्षी फळी रुंद झाली. जिला ऐपत असे ती नवी घेई, जिला नसे ती जुनीवर खूश असे. किंमत सगळ्यांना सारखी. सुतार सुखात होता, आणि ते त्याला माहीत नव्हतं.

सातव्या वर्षी सुताराचा मेहुणा शहरातून आला. शहरात त्याने कुठला धंदा केला हे कुणालाच नक्की सांगता येत नसे, पण धंद्याविषयी तो बोले फार छान. त्याने सुताराचं काम पाहिलं आणि म्हणाला, "दाजी, घरोघर मापं घेत कशाला हिंडता? यंत्राबरोबर आतून कल्हई केलेला तांब्याचा डेराच द्या. सगळे एका मापाचे."

ही गोष्ट चांगलीच होती. सुताराने वर्षभर खपून अशा चाळीस पायरव्या केल्या. साठवलेलं सगळं लाकूड आणि सगळी पुंजी त्यात गेली. त्या खपल्या नाहीत तर पुढच्या वर्षी रंधा फिरवायला लाकडाचा तुकडा उरणार नव्हता. मग मेहुण्याने किमतीचा विषय काढला.

"एकाला वीस आणि एकाला तीस, अशा दोन किमती ठेवा."

"म्हणजे जुन्यांना वीस आणि नव्यांना तीस?" सुताराने विचारलं.

"उलटं, दाजी. नव्याला ओढून आणावं लागतं. जुनी माणसं आपलीच आहेत, ती कुठे जातात? आता त्यांना काही दोरी ओढवायची नाही. मुकाट्याने तीस देतील."

सुताराला हे काही पटेना, पण चूक कुठे आहे तेही सापडेना. आणि खरं सांगायचं तर त्याला मोह पडला. तो म्हणाला, "बघ बाबा, तुला कळतं त्यातलं."

जत्रेच्या दिवशी सकाळी यंत्रं पेंढ्यात गुंडाळली आणि बांधायला दोरी कमी पडली. मेहुण्याने इकडेतिकडे पाहिलं, भिंतीवरच्या साठही सुतळ्या उतरवल्या आणि हव्या तशा तोडून त्यांनी गाठोडी बांधून टाकली. "आता मापं थोडीच लागणार आहेत?" तो म्हणाला. रिकामी भिंत बघून सुताराच्या मनात जरा चरचरलं. पण तेवढ्यात बाहेर ताशा वाजायला लागला आणि तो लगबगीने निघाला.

पडदा सरकला. तांब्याचे डेरे उन्हात लखलखले. मावशीने नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं आणि कमरेची चंची सोडत विचारलं, "किती रे यंदा?"

"तुम्हाला तीस, मावशी," सुतार म्हणाला.

मावशीच्या शेजारी टेकडीपलीकडच्या गावची एक बाई उभी होती. तिला मेहुण्याने वीस सांगितले. मावशीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"हिला वीस?"

"ती नवीन आहे, मावशी," सुतार खाली बघत म्हणाला. "तिला मी ओळखत नाही."

"आणि मला ओळखतोस."

"हो ना."

"म्हणजे हे ओळखीचे दहा रुपये झाले."

मेहुणा पुढे होऊन म्हणाला, "ही योजना आहे, मावशी."

रांगेतल्या बायकांनीही मग एक योजना काढली. खालच्या आळीची एक सून तोंडावर पदर ओढून पुढे आली आणि आवाज बदलून म्हणाली, "आम्ही परगावच्या. वीसवाली द्या."

सुतार म्हणाला, "वहिनी, तुमच्या डेऱ्याची कड फुटली होती, आता बरी आहे ना?"

"फुटली कुठे होती, नुसता टवका उडाला होता," पदराआडून उत्तर आलं. सगळी जत्रा हसली. सुतारही हसला, पण ज्या ओळखीवर आपण आज हसतो आहोत तिचेच आपण दहा रुपये लावले आहेत, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याचं हसू मावळलं.

इतक्यात मावशीची नजर टेकडीपलीकडच्या बाईने उचललेल्या गाठोड्यावर गेली. त्याला बांधलेल्या सुतळीत एक हिरवी चिंधी होती. मावशीने ती चिंधी बोटांत धरून पाहिली. तिच्याच लुगड्याची होती. दहा रुपयांनी तिला राग आला होता, या चिंधीने मात्र तिचा जीव दुखावला.

टेकडीपलीकडच्या बाईला यातलं काय माहीत? ती म्हणाली, "तुम्हीच ना त्या मावशी? आमच्याकडे पण तुमचं नाव आहे. घेऊ का हो ही?"

मावशी मनात आणती तर वाटेल ते सांगती. तिने बाईकडे बघून सरळ सांगितलं, "यंत्र झकास आहे. माझं सात वर्षं चाललंय, खोटं कशाला बोलू? आज तू नवी आहेस, तुला वीस. पण घरी नेलीस की तू जुनी झालीस. पुढच्या जत्रेला तू माझ्या रांगेत असशील आणि तुझ्या जागी दुसरी कुणी नवी. एवढं ध्यानात ठेव आणि घ्यायची तर घे."

बाईने गाठोडं हळूच खाली ठेवलं. "मग बघते नंतर," ती म्हणाली. तिच्या मागचीने ते ऐकलं, तिने तिच्या मागचीला सांगितलं. जत्रा उठली तेव्हा चाळीसच्या चाळीस पायरव्या जागच्या जागी होत्या. मेहुणा म्हणाला, यंदा वारंच उलटं आहे.

दुसऱ्या दिवशी सुतार तणतणत मावशीच्या घराकडे निघाला. वर्षाची मेहनत एका वाक्यात बुडवली, चांगलं खडसावायचं, असं वाटेत घोकत होता. अंगणात पाऊल टाकतो तर काय, मावशीच्या पायरवीचं झाकण मधोमध चिरलेलं. तिने वर वरवंटा ठेवला होता. चाक फिरलं की वरवंटा उडी मारी, झाकण उचले आणि ताकाचा फवारा थेट मावशीच्या तोंडावर येई. तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. एका हाताने ती वरवंटा दाबत होती आणि दुसऱ्या हाताने मांजराला हाकलत होती.

भांडायला आलेल्या सुताराला हसू फुटलं. मावशीने रागाने वर पाहिलं, मग तीही हसायला लागली. दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"झाकण चिरलं तर निरोप का नाही पाठवला?" सुताराने विचारलं.

"कुठे पाठवू?" मावशी तोंड पुसत म्हणाली. "तुझ्या भिंतीवर माझं काय उरलंय आता?"

सुतार ओट्यावर टेकला. इतके दिवस सापडत नव्हती ती चूक त्याला आता दिसली. चाळीस पायरव्या पडून राहिल्या याचं त्याला वाईट वाटत होतं, पण साठ घरं आपल्याला निरोप धाडायची थांबतील याची त्याला खरोखर भीती वाटली. तो म्हणाला, "मावशी, चुकलं माझं. सुतळी असेल तर द्या, माप घेतो."

मावशीने त्याला आधी पेलाभर ताक दिलं, मग सुतळी.

तिथून तो उरलेल्या एकोणसाठ घरी गेला. घरोघर त्याने सांगितलं की माझं चुकलं, आणि घरोघर पुन्हा माप घेतलं. बायकांनी त्याला सोडलं नाही. प्रत्येकीने आधी चार शब्द सुनावले आणि मग पेलाभर ताक पाजलं. नको म्हणायची सोय नव्हती, कारण नको म्हटलं की ती म्हणे, "वा, आमचं ताक पण जुनं झालं वाटतं." तिसऱ्या दिवशी सुतार चालायला लागला की त्याच्या पोटात डचमळल्याचा आवाज बाहेर ऐकू येई.

मेहुणा कळवळून म्हणाला, "दाजी, नव्या यंत्राला मापं लागत नाहीत."

"यंत्राला नाही लागत," सुतार म्हणाला. "मला लागतात."

मग त्याने दारावर एक पाटी लिहून लावली. पायरवी पंचवीस रुपये, नव्याला तेच, जुन्याला तेच. जुन्या पायरवीची झाकणं, ती चालेल तोवर मिळतील. उसनं लाकूड आणून त्याने साठही घरांसाठी नवी झाकणं केली आणि ती न्यायला बायकांना पुढच्या बाजारी बोलावलं.

बाजाराच्या दिवशी साठही बायका आल्या, आणि झाकण घट्ट बसतं की नाही हे बघायला आपापल्या पायरव्या बैलगाड्यांवर घालून आल्या. येताना दहीही घेऊन आल्या, कारण रिकाम्या डेऱ्यावर झाकणाची परीक्षा कशी होणार? देवळासमोर साठ पायरव्या एकदम फिरायला लागल्या. घुंगरांनी सगळा बाजार दणाणला. मुलं ताटल्या घेऊन धावली, कुणी भाकऱ्या आणल्या, आणि बघता बघता सगळा बाजार ताजं लोणी-भाकरी खात बसला. पायाने काढलेलं लोणी म्हणून नाक मुरडणाऱ्या पुजाऱ्यानेही दोनदा मागून घेतलं.

परगावचे लोक ते बघत राहिले. सात सात वर्षं वापरलेली यंत्रं, आणि अजून अशी चालतात. नव्या पायरव्यांपुढे रांग लागली. रांगेत पहिली होती टेकडीपलीकडची बाई. तिने पंचवीस रुपये काढून दिले, तेव्हा मेहुण्याला राहवलं नाही. तो म्हणाला, "बाई, जत्रेत तर तुम्हाला वीसला मिळत होती."

"तेव्हा पुढच्या वर्षी मला किती पडेल ते कळत नव्हतं," बाई म्हणाली. "आज कळतंय, म्हणून घेतली."

मेहुणा तोंडात बोट घालून उभा राहिला. मग त्यानेही भाकरी घेतली.

दिवस कलायच्या आत एकोणचाळीस पायरव्या गेल्या. एक उरली होती. सुताराने ती पुसूनपासून लख्ख केली आणि मावशीपुढे आणून ठेवली. "ही तुमची. पैसे नकोत."

"का बरं?" मावशी म्हणाली. "मी काय भीक मागायला आले? लोकांना जे, तेच मला."

"मग पंचवीसला घ्या."

"मला काय करायचीय?" मावशीने आपल्या सात वर्षांच्या पायरवीवर थाप मारली. "झाकण बसलं, हिला काय धाड भरलीय? मोडेल तेव्हा घेईन. तेवढ्यात तू पळून जाणार आहेस का?"

झाकणाचे पैसे तिने त्याच्या हातावर ठेवले, पायरवी गाडीत चढवली आणि निघून गेली. सुतार बराच वेळ तिच्या गाडीकडे बघत होता. सात वर्षांत पहिल्यांदाच, नवं काहीही न घेता गिऱ्हाईक निघून गेलं तरी त्याला मनापासून आनंद झाला होता.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: नव्याला बोलावण्यासाठी जुन्याला दुखवू नये, कारण दारात येणारा प्रत्येक नवा माणूस आधी जुन्याच्या चेहऱ्याकडे बघतो.