कोऱ्या पाटीचा महिना

एकदा एका शिष्येने आपल्या वृद्ध गुरुजींपुढे एक वही ठेवली. वहीत त्रेसष्ट नावे होती आणि त्यांतले एकही तिला पसंत नव्हते.

शिष्येचे नाव हेमांगी. निमंत्रणपत्रिका, माहितीपत्रके, दुकानांची बोधचिन्हे, जाहिरातीचा मजकूर अशी कामे ती करी. गुरुजींनी तिला शाळेत चित्रकला शिकवली होती आणि निवृत्तीनंतर ते गावातल्या दुकानांच्या पाट्या रंगवत. दोन वर्षांपूर्वी हेमांगीने 'नवोन्मेषा क्रिएटिव्ह सोल्युशन्स' या नावाने व्यवसाय थाटला होता. नावाखाली ओळ होती, 'कल्पनेच्या पलीकडचे आकाश'. लोक आत डोकावून विचारत, "इथं नाचाचा क्लास असतो का?" वर्षभरात कुलूप लावावे लागले. आता बसस्थानकामागे लहानशी खोली घेऊन ती पुन्हा उभी राहत होती. नाव पुन्हा चुकेल, या धास्तीने तिला काही सुचत नव्हते.

"गुरुजी, यातलं एक तुम्हीच निवडा," ती म्हणाली. "खाली शोभेल अशी एक ओळही सांगा. आणि पाटी तुम्हीच रंगवायची."

गुरुजींनी वही न उघडताच तिला परत दिली. दुसऱ्या दिवशी ते पाटी घेऊन आले आणि स्वतःच्या हाताने तिच्या दारावर ठोकली. पाटी पांढरीशुभ्र होती. तिच्यावर एकही अक्षर नव्हते.

"यावर काहीच नाही, गुरुजी."

"महिनाभर अशीच राहू दे. कोणी विचारलं तर उत्तर दे, आणि रोज ते उत्तर तुझ्या त्या नावांच्या वहीत लिही. लोकांचा प्रश्न नको लिहूस. तुझं उत्तर लिही."

हेमांगीला अर्थ कळेना, पण गुरुजींचा शब्द तिला मोडवेना.

कोरी पाटी पाहून लोक थांबू लागले. "इथं काय चालतं?" पहिल्या आठवड्यात ती म्हणे, "सर्जनशील सेवा." ऐकणारा मान हलवून पुढे जाई. मग ती म्हणू लागली, "डिझाइन आणि मजकूर." काही जण क्षणभर रेंगाळत, इतकेच.

तिसऱ्या आठवड्यात यमुनाताई नावाच्या एक बाई दारात आल्या. त्यांच्या पतीचे शिवणकामाचे दुकान होते. पती जाऊन दोन महिने झाले होते. दुकान आता त्या चालवत होत्या, पण गिऱ्हाईक फिरकत नव्हते.

"लोकांना वाटतं, दुकान बंद झालं," त्या म्हणाल्या. "बाहेर काहीतरी लिहून लावायचंय. मनात पुष्कळ आहे हो, पण कागद घेतला की एक शब्द सुचत नाही."

हेमांगीच्या तोंडून सहज निघून गेले, "तुम्ही बोला, मी मांडते."

यमुनाताई खुर्चीवर बसल्या आणि तासभर बोलल्या. त्यातून हेमांगीने दोनच वाक्ये काढली: 'दुकान सुरू आहे. तुम्हा सर्वांची मापे मी जपून ठेवली आहेत.'

यमुनाताईंनी कागद दोनदा वाचला. "हेच म्हणायचं होतं मला," त्या हळूच म्हणाल्या.

महिना संपल्यावर गुरुजी आले आणि त्यांनी वही चाळली. शेवटच्या दहा दिवसांत एकच उत्तर पुन्हा पुन्हा आले होते.

"त्रेसष्ट नावं तू एकटीने बसून शोधलीस," ते म्हणाले. "आपण लोकांना कसं दिसावं, ते त्या नावांत होतं. पण दारात आलेल्या माणसाचं काहीतरी अडलेलं असतं. त्याला तुझ्या आकाशाशी काय करायचंय? पाटीवर अक्षरं असती, तर लोक ती वाचून निघून गेले असते आणि तू गप्प राहिली असतीस. तुला बोलावं लागावं, म्हणून पाटी कोरी ठेवली. जे उत्तर ऐकून माणूस खुर्चीवर बसला, ती तुझी ओळ. नावही तिच्यातच असेल. बघ."

हेमांगीने आपलेच अक्षर पुन्हा एकदा वाचले. तिचे बोट शेवटच्या शब्दावर थांबले.

"मांडणी," ती म्हणाली.

गुरुजींनी रंगाचा डबा उघडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक वयस्कर गृहस्थ पाटीसमोर उभे राहिले. त्यांनी ओठ हलवत नाव वाचले, खालची ओळ वाचली, चपला दाराशी काढल्या आणि आत येऊन बसले. इथे काय चालते, हे त्यांनी विचारले नाही.

"माझ्या मुलीचं लग्न एकदा मोडलं होतं," ते म्हणाले. "आता पुन्हा ठरलंय. पत्रिकेत काय लिहावं, ते कळत नाही."

आणि ते बोलू लागले. हेमांगी ऐकत राहिली.