घरचा टाका

त्या माळावर पिल्लं हरवायची. दुखणं एवढं एकच, पण घरोघरचं. गवत आडदांड वाढलेलं, झुडपांना बोलकेपणा नाही, आणि टिटवीची पिल्लं तर अशी खड्याच्या रंगाची की दबून बसली तर जन्मदात्रीलाही दिसू नयेत! संध्याकाळ झाली की सगळ्या माळभर नुसत्या हाका.

मग भारद्वाजानं मंडळी जमवली आणि त्या हाकाच बंद करून टाकल्या.

भारद्वाजाची गोष्टच वेगळी. तांबूस पंख, लाल डोळे, चालणं असं की घाई कशाशी खातात हे माहीतच नाही. सकाळी तो दिसला की दिवस चांगला जातो, असं सगळेच मानायचे. त्यामुळे त्यानं बोलायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या, हे कुणी न ठरवताच ठरून गेलं. वडाखाली सभा घेऊन तो म्हणाला, "आई आणि पिल्लू यांच्यामध्ये एक धागा हवा. बस. बाकी मी बघतो."

आणि खरंच, काय टीम जमली होती! अक्का कोळीण धागा काढायची, उन्हातही दिसणार नाही इतका बारीक. टिवली शिंपीण तो पिल्लाच्या पायाला बांधायची. टिवली म्हणजे चोचीत सुई घेऊनच जन्मलेली. तिची गाठ टोचायची नाही आणि सुटायचीही नाही. धाग्याचं दुसरं टोक वडाच्या फांदीवर यायचं. तिथे बडबडी साळुंकी बसलेली. आई धापा टाकत आली की साळू तो धागा चोचीत धरायची, ओढ बघायची आणि सांगायची, "करवंदीच्या मागे, ओढ्याच्या अलीकडे. जा, घेऊन ये तुझं कार्टं!" की आईच्या जीवात जीव. बायका टिवलीला वाटेत थांबवून आशीर्वाद द्यायच्या. टिवली फुगून दुप्पट व्हायची.

मंडळींत एक रीत होती. नवा कुणी आला की त्यानं पहिला टाका स्वतःच्या घराला घालायचा आणि त्याचंही टोक वडावर न्यायचं. भारद्वाज सर म्हणायचे, "आधी आपलं घर, मग जग." म्हणून तर लोकांचा विश्वास बसला. टिवलीनं तर कमालच केली. टीमला धागा फुकट होता ना! मग तिनं एका टाक्यावर न थांबता, पळसाची दोन पानं जोडून आपलं अख्खं घरटंच त्या धाग्यानं शिवलं. दरवर्षी शेवरीच्या कापसाचे टाके वाऱ्यानं उसवायचे. यंदा वादळ आलं तरी पान हललं नाही. त्याच घरट्यात तिची पिल्लं नुकती बाहेर आली होती. गुलाबी, उघडीबंब, नुसती चोच आणि भूक.

एक दिवस टिटवी तिच्याकडे आली. टिटवी ओरडली की काहीतरी अशुभ होणार, अशी तिची ख्याती. तिला कुणी दारात उभं करत नसे.

"टिवले, तुझी गाठ सुटते का गं?"

"माझी गाठ? मावशी, एक वेळ जीव सुटेल."

"साळू म्हणाली, मोठ्या दगडापाशी आहे पिल्लू. गेले. धागा होता. वाऱ्यानं हलत होता. टोकाला गाठ नाही, पिल्लू नाही."

"साळूला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाली, धागा हलतोय म्हणजे पिल्लू आहे, तुझं तोंडच वाईट."

टिवलीला पिल्लाचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त आपली गाठ लागली मनाला. ती टिटवीच्या धाग्यामागून वडापर्यंत आली. फांदीच्या पाठीमागे, जिथे कुणी बघत नाही, तिथे त्या धाग्याला फाटा फुटला होता. शेजारच्या धाग्यालाही. त्याच्या शेजारच्यालाही. सगळे फाटे एकत्र होऊन बांबूच्या बेटाकडे गेले होते.

"अक्का, हे काय आहे?" फांदीवर धागा काढत बसलेल्या कोळिणीला तिनं विचारलं.

"सरांची सोय."

"कसली सोय?"

"मला काय विचारतेस? ते म्हणाले काढ, मी काढला. पोटातून निघतो तोवर माझा, पुढे कुठे जातो ते मी बघत नाही. बघितलं की झोप उडते. झोप उडाली की धागा जाड येतो."

टिवली बेटात शिरली. भारद्वाज खालच्या फांदीवर निवांत बसला होता. त्याच्याखाली पाचोळ्यात धाग्याच्या छोट्या छोट्या गाठी पडल्या होत्या. एकही सुटलेली नाही. आपला हात आपल्याला कळतो. सगळ्या तिच्याच होत्या.

"ये, टिवली. काय काम आहे गं तुझं! सुटता सुटत नाहीत. घशात अडकतात, म्हणून आधी तोडून टाकतो."

टिवलीनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

"अशी बघू नकोस. पूर्वी साप न्यायचा, मुंगूस न्यायचं, ससाणा न्यायचा. आता आया वेळेत पोचतात. उरलो मी एकटा. माळाचा फायदाच झाला की नाही?"

"मी माझा टाका उसवते, सर. मला नको तुमचं काम."

"उसव की," सर म्हणाले. "कुणी अडवलंय?"

ती जीव घेऊन घरी आली आणि पहिला टाका चोचीत धरून ओढला. पळसाचं पान भसकन उघडलं. पिल्लं घसरली, एकाचा पाय बाहेर हवेत लटकला. तिनं धडपडत ते आत ढकललं आणि टाका परत ओवला. मग दुसरा बघितला, तिसरा बघितला. घराला दुसरा धागाच नव्हता. पिल्लांना अजून पिसंही फुटायची होती. ती गप्प बसून राहिली.

टिटवी मात्र गप्प बसणारी नव्हती. तिनं सगळ्या आयांना वडाखाली गोळा केलं आणि भर सभेत सांगितलं, "पिल्लं हा खातो!"

पहिल्यांदा सगळे हसले. मग चिडले. "सकाळी ज्याचं तोंड बघायला आम्ही धावतो, तो? आणि हे सांगतंय कोण, तर टिटवी!"

भारद्वाज अजिबात चिडला नाही. "आपण टिवलीला विचारू," तो म्हणाला. "गाठी तिच्या आहेत." मग तिच्याकडे वळून अगदी मायेनं, "घरी सगळे बरे आहेत ना गं?"

सगळा माळ टिवलीकडे बघत होता. टिटवीही बघत होती.

टिवली म्हणाली, "धाग्यात काही दोष नाही."

खोटं तरी कसं म्हणणार! दोष नव्हताच. मग आया टिटवीवर तुटून पडल्या. टोचून टोचून तिला ओढ्यापलीकडे हाकललं. त्या माळावरून पहिल्यांदाच टिटवी न ओरडता गेली.

गोंधळ निवळला तेव्हा सर फांदीवर नव्हते.

टिवली पळसाकडे उडाली तशी आयुष्यात कधी उडाली नसेल. लांबूनच घरटं दिसलं आणि तिला हायसं वाटलं. दोन्ही पानं घट्ट, टाका न् टाका जागच्या जागी. ती काठावर बसली, आत बघितलं. शेवरीचा कापूस होता. अजून ऊबदार होता.

वाऱ्यानं धागा हलला. लांबून वडावरून साळूचा आवाज आला, "टिवलीकडे सगळं ठीक आहे हो!"

"अगं, होतीस कुठे तू?" शेजारची मुनिया धावत आली. बाळंतीण ती, सभेला आली नव्हती. तिच्या पंखाखाली नवं पिल्लू होतं. "नशीब काढलंस बाई! आत्ताच सर स्वतः येऊन गेले तुझ्या घरी. चांगला वेळ आत डोकं घालून बसले होते. आमच्याकडे कधी यायचे? अजून टाका नाही ना आमच्या घराला, त्यांना सापडणार कसं!"

आणि तिनं पिल्लाचा पाय धरून पुढे केला.

टिवलीच्या चोचीत, सवयीनं, धागा होता.