गिरजेची सातवी गाठ

नांदूरखोरीच्या उत्तरेस, टेकडीच्या कड्यात, अरुंद तोंडाची एक कपार आहे. तिला ‘पिशवी’ म्हणतात. स्त्रीच्या गर्भाशयालाही गावात हाच शब्द आहे आणि तो या कपारीपासूनच आला, असे तेथील बायका सांगतात. प्रस्तुत लेखकाने ही हकीकत १४ मार्च २०१९ रोजी दुपारी, चंद्रभागाबाई लोखंडे या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सुईणीकडून, कपारीसमोर बसून ऐकली. हा शब्द महाराष्ट्रभर चालतो, असे त्याने नम्रपणे निदर्शनास आणले. त्या म्हणाल्या, “चालू द्या की. निघाला हितनंच.”

फार पूर्वी गावात गिरजा नावाची शेतकऱ्याची बायको होती म्हणे. नऊ वर्षे झाली तरी कूस उजवली नाही, तेव्हा नवऱ्याने तिच्यावर सोनाईला सवत म्हणून आणले. गिरजेने तेही गिळले. कारण घरातला एक मान अजून तिचा होता. पेरणीच्या दिवशी बियाण्याच्या पिशवीचे तोंड थोरल्या सुनेने सोडायचे आणि पेरणीच्या पाभरीच्या चाड्यावर बियाण्याची पहिली मूठ तिनेच धरायची. वर्षातून त्या एका सकाळी साऱ्यांचे डोळे तिच्या हाताकडे असत.

पुढे सोनाईला दिवस गेले. सासू सर्वांदेखत म्हणाली, “गिरजे, औंदा पिशवी सोनाई सोडंल. तुझ्या हाताचा गुण लई वर्सं बघितला.”

“बघितला न्हवं? मग आता तोंडबी बघू नका,” गिरजा म्हणाली.

सोनाई खाली मान घालून हसली. निदान गिरजेला तसे वाटले.

सवतीचे पोट वाढत गेले तसा गिरजेचा जीव आकसत गेला. सोनाईने चिंच खाल्ली की दात हिचे आंबत. अखेर पेरणी तोंडावर आली असता तिने बियाण्याची पिशवी उचलली, तोंडाला सुताच्या सात गाठी आवळल्या आणि ती या कपारीत खोल कोंबली.

तिसऱ्या दिवशी सोनाईला कळा लागल्या. दीड दिवस गेला, सुटका होईना. अडलेल्या बाईच्या घरात काही बांधलेले राहू नये, असा रिवाज. सुईणीने बायकांच्या वेण्या सोडवल्या, बैलांची दावी सोडवली, मडक्यांवरची फडकी सोडवली. तरीही काही होईना. तेव्हा ती उंबऱ्यात येऊन म्हणाली, “या घरचं अजून कायतरी बांधलेलं हाय. ज्यानं बांधलं त्यानं सोडावं. न्हाईतर दोन जीव जात्यात.”

गिरजा चुलीपाशी बसून होती. गप्प राहिले तर सवतही जाईल आणि मानही परत येईल, हे तिला पुरते कळत होते. एवढ्यात आतून सोनाईने हाक मारली, “आक्का!” नवऱ्याला नाही, सासूला नाही.

गिरजा उठली. भर उन्हात टेकडी चढली. कपारीतल्या ओलीने गाठी घट्ट झाल्या होत्या. नखे तुटली तेव्हा तिने दात लावले. मूठभर बी खडकावर सांडले आणि त्याच घटकेला खाली घरात मूल रडले, असे सांगतात.

परतल्यावर ती सर्वांसमोर म्हणाली, “हेवा वाटला म्हणून म्या बांधली.” सासूने हात उगारला. सोनाई बाजेवरूनच बोलली, “आत्याबाई, ज्यांनी सोडली त्यांचाच मान.” आणि सुईण म्हणाली, “तिकडं ती पिशवी सुटली, हितं ही सुटली.” तेव्हापासून तो शब्द बायकांच्या तोंडी राहिला.

आजही नांदूरखोरीत सातव्या महिन्याच्या ओटभरणीला मूल नसलेल्या बाईला मानाने बोलावतात. बियाण्याची पिशवी तिच्यापुढे ठेवतात. ती गर्भवतीकडे पाहून आधी म्हणते, “मला तुझा हेवा वाटतो,” आणि मगच गाठ सोडते.

एक गोष्ट मात्र लेखकाला कधीच पडताळता आली नाही. गिरजेने सहाच गाठी सोडल्या, तेवढ्याने तोंड उघडले, आणि सातवी तिने तशीच ठेवली, असे चंद्रभागाबाईंचे म्हणणे. ती पिशवी कपारीत अजून आहे म्हणे. पण पुरुषाने तेथे हात घालायचा नसतो. “आपण पाहिलीत का?” असे विचारल्यावर त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिले.

“गावची निम्मी लेकरं या हातांनी काढली,” त्या म्हणाल्या. “माझं एक न्हाई. पाहिली न्हाई, बाबा. हाताला लागली.”