जात्यात राहिलेले पीठ

फार पूर्वी एका डोंगराळ मुलखात एक म्हातारी पाथरवटीण राहत असे. गावोगाव फिरून ती बोथट झालेल्या जात्यांना छिन्नीने टाकी लावून त्यांचे दगड पुन्हा खरखरीत करून द्यायची. एका वर्षी दरड कोसळली आणि तिचे अख्खे गाव गाडले गेले. वाचलेली माणसे राजाच्या दारी गेली.

राजाच्या कारभाऱ्याने त्यांना सांगितले, "समुद्राकाठची खारी जमीन, पूर्वेचा खडकाळ माळ आणि मधलं काळ्या मातीचं खोरं. हवा तो प्रदेश घ्या. खोरं तर पिढ्यान्‌पिढ्या ओसाडच आहे."

खाऱ्या जमिनीतले पाणी तोंडात धरवत नव्हते. माळावर कुसळांशिवाय काही उगवलेले नव्हते. खोऱ्यात मात्र भरलेली विहीर होती, आंब्याची झाडे होती आणि माती अशी, की मुठीत घेतली तर सोडवेना. मधूनमधून काही पडकी घरे होती.

"ठरलं!" गावचा पाटील म्हणाला. "ह्या भिंती पाडू आणि नव्या बांधू."

पाथरवटिणीची सून गरोदर होती. ती हरखून म्हणाली, "आत्याबाई, बाळ आंब्याच्या सावलीत वाढेल."

पाथरवटीणही हसली. एवढ्यात तिला एका पडवीत जाते दिसले. सवयीने तिने वरची तळी उचलली आणि खालच्या दगडावरून हात फिरवला. टाकीचे घाव अजून बोटांना टोचत होते. दोन तळ्यांच्या मध्ये अर्धवट भरडलेली ज्वारी तशीच होती.

"पाटीलबाबा, ह्या जात्याला टाकी लावून दोन महिनेसुद्धा झाले नाहीत," ती म्हणाली. "दळता दळता कुणाला तरी उठवलंय."

पाटील वैतागला. "मावशी, कशाला नको ते उकरतेस? आपण नाही घेतलं तर दुसरं कुणी घेईल!"

पाथरवटिणीने सुनेच्या पोटाकडे पाहिले. तिचाही पाय तिथून निघत नव्हता. तिने वरची तळी पुन्हा जात्यावर नीट बसवली. मग हळूच म्हणाली, "नातवाच्या पहिल्या अंघोळीचं पाणी मी कुणाच्या चुलीवर तापवू?"

सून रडली. पण डोळे पुसून तिनेच पहिले गाठोडे उचलले. तिच्यामागे एकेक जण उठला.

"म्हातारीच्या बोटांपायी काळी माती सोडली. लोक हसतील आपल्याला!" असे पुटपुटत पाटीलही माळाच्या वाटेला लागला.

तिसऱ्या दिवशी माळावरच्या खडकांआडून माणसे बाहेर आली. प्रत्येकाच्या हातात गोफण होती.

त्यांच्यातला एक म्हातारा पुढे झाला. "खोरं आमचं. वेठीला नाही म्हटलं म्हणून कारभाऱ्यानं घरं पाडून आम्हाला हाकललं. तुमच्यावर नजर ठेवून होतो. एक भिंत पाडली असती, तरी आमचे दगड सुटले असते." त्याने गोफण खाली ठेवली. "चला, पाणी कुठं आहे ते दाखवतो."

खडकांच्या कपारीत जिवंत झरा होता. सून बाळंत झाली, तेव्हा खोऱ्यातल्याच एका आजीने तिला सोडवले. पुढे दोन्ही गावे मिळून राजासमोर उभी राहिली. कारभाऱ्याचे खोटे उघडे पडले आणि खोरे ज्यांचे त्यांना मिळाले. घरी निघताना त्या आजीने बाळाला कडेवर घेतले आणि पाथरवटिणीला म्हणाली, "आमच्या शेजारची जागा मोकळी आहे. येता ना?"

ह्या वेळी पाथरवटिणीने माती पाहिली नाही. ती लगेच निघाली.

तात्पर्य: राहायला प्रदेश निवडताना माती किती चांगली आहे एवढेच पाहू नये, ती कोणाच्या पायाखालून ओढून घेतली आहे, हेही पाहावे.